गोल घरातलं बाळंतपण

बाळ बाहेर होतं.

अळिवाच्या खिरीचं पातेलं फडक्यात धरून मी गोल घराकडे चालले होते. ऊन वर आलं होतं, पण गारठा हटला नव्हता. त्या वर्षी आमच्या निफाडकडे अशी थंडी पडली होती की द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवाव्या लागत. त्यांचा धूर अजून वेलींखाली रेंगाळत होता. पायवाटेवरून वळले आणि दाराबाहेरच्या फरशीवर मला एक गाठोडं दिसलं.

धुण्याचं असेल, असं वाटलं. मग त्या गाठोड्यातून एक पाय बाहेर आला. इवलासा, उघडा.

पातेलं माझ्या हातून कधी सुटलं ते मला कळलं नाही. मी धावले. माझी नात, अजून बारसंही न झालेली, उघड्या फरशीवर दुपट्यात पडली होती. थोड्या अंतरावर आमच्या वस्तीवरचं कुत्रं पुढच्या पायांवर मान टाकून तिच्याकडे बघत बसलं होतं. मी त्याला हाकललं, बाळाला उचललं. ती रडत नव्हती. नुसती कण्हत होती. डोळे अर्धवट उघडे, पण माझ्याकडे बघणं नाही. ओठांच्या कडेला ओकलेलं दूध सुकलं होतं.

"विहीणबाई!" मी ओरडले. "अहो विहीणबाई! लेकराला असं टाकून कुठं गेलात?"



मी घराला वळसा घालून मागे बघून आले. दोरीवर लंगोट वाळत होते, माणूस कुणी नव्हतं. माझ्या अंगात आग उठली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी भीतीपेक्षा रागच जास्त होता, आणि तो राग जुना होता.

इंदुमतीबाई म्हणजे माझ्या सुनेच्या, केतकीच्या आई. चाळीसगावला राहायच्या. नवरा लवकर गेलेला. शिवणकाम करून एकटीनं पोरीला इंजिनीयर केलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि केतकीचं ब्लडप्रेशर वाढलेलं. डॉक्टरांनी प्रवासच नको म्हटलं. म्हणून माहेरच सासरी आलं. विहीणबाई आपला गाठोडंभर डिंक, सुंठ, वावडिंग घेऊन उतरल्या आणि पहिल्याच दिवशी माझ्या लाडवांत मेथी कमी आहे म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे बाळंतिणीला खायला देतात, शिक्षा देत नाहीत. तिथून आमचं जे सुरू झालं ते झालंच. मालिश कोण करणार, आंघोळीचं पाणी किती कडक, बाळाच्या टाळूवर तेल किती. केतकी मध्ये पडून दोघींकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची.

आणि हे सगळं चालायचं त्या गोल घरात.

ते घर माझ्या मुलाचं, हर्षलचं. बागेच्या कडेला, आमच्या जुन्या कौलारू घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यानं नाशिकला कुठल्याशा प्रदर्शनात तसलं घर पाहिलं आणि दोघं नवरा-बायको त्यानं झपाटलीच. कारखान्यात बनलेलं घर ट्रेलरवरून तुकड्या-तुकड्यांनी आलं. संत्र्याच्या फोडींसारखे वाकवलेले जाड पत्रे, आत फोम भरलेला. लोकांचं बघून होईस्तोवर चार माणसांनी ते जोडूनही टाकलं. पालथ्या वाडग्यासारखं घर, तिकोनी खिडक्या आणि फ्रीजला असतं तसलं रबर लावलेलं दार. गावानं त्याचं नाव ठेवलं अंडं. "अंड्यातली मंडळी आली का हो?" असं लोक मला विचारायचे.

"देवघर कुठल्या कोपऱ्यात करायचं रे?" मी हर्षलला विचारलं होतं. "ह्या घराला कोपराच नाही."

"कुठंही कर, आई. देवाला काय त्याचं?"

"आणि कपाट? ते भिंतीला टेकत नाही."

तो हसला. म्हणाला, "हा थर्मास आहे. थंडीत आतली ऊब बाहेर जाणार नाही, उन्हाळ्यात बाहेरची झळ आत येणार नाही. दिवे-पंख्यापुरती वीज लागते, ती वरचं सोलर देतं. गारपीट आली तरी पत्रा उडायचा नाही."

"आणि हवा? खिडक्या तर उघडतच नाहीत धड."

"हवा बदलायला यंत्र आहे," म्हणत त्यानं वर बोट दाखवलं. घुमटाच्या माथ्याशी एक जाळी होती. तिथून दिवसरात्र बारीक घूं-घूं यायची.

खोटं कशाला बोलू, घर खरंच उबदार होतं. जुन्या घरात आम्ही गोधड्यांवर गोधड्या घेऊन कुडकुडायचो आणि इकडं केतकी बाळाला घेऊन साध्या सुती गाऊनमध्ये बसायची. त्यामुळे विहीणबाईंनी शेगडी मागितली तेव्हा हर्षल म्हणाला, "शेगडी कशाला, आई? आत गरमच आहे की."

"गरम असणं वेगळं नि शेक वेगळा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीची कंबर काय भिंतीनं शेकायची? आणि बाळाला धुरी नको?"

मी हसले. विहीणबाईंच्या बोलण्यावर मी पहिल्यांदाच हसले होते. त्या एका गोष्टीत आम्हा दोघींचं एकमत होतं. आमच्या सासूनं आम्हाला शेकलं, त्यांच्या सासूनं त्यांना. आमच्या माळ्यावरची लोखंडी शेगडी मीच काढून दिली.

पहिले काही दिवस आंघोळ झाली की त्या दार अर्धवट उघडं ठेवून शेक द्यायच्या. मग ही थंडीची लाट आली.

तर त्या सकाळी मी बाळाला खांद्याशी धरून त्या दारापुढे उभी होते. "केतकी!" मी हाक मारली. दाराची मूठ ओढली. ते दार जड होतं आणि सोडलं की आपोआप मिटायचं, आतली ऊब जाऊ नये म्हणून. मी ते खांद्यानं रेटून धरलं.

तोंडावर गरम हवा आली. ओव्याचा, लसणाच्या सालींचा वास. धूर म्हणावा तर नव्हताच. मधोमध शेगडीत निखारे फुललेले होते, नुसते लाल. पलंग रिकामा होता. उशी खाली पडलेली.

आणि दाराच्या आत, माझ्या पायांशी, दोघी जमिनीवर पडल्या होत्या.

केतकी उताणी, डोक्याला बांधलेला रुमाल सुटलेला. तिच्या डोक्याशी विहीणबाई, कुशीवर. झोपल्यासारख्या. दोघींचे चेहरे इतके शांत होते की मी वेड्यासारखी म्हणाले, "उठा, उठा, काय झालं?" जणू त्या माझी थट्टा करत होत्या.

कुणी उठलं नाही.

मग मात्र साप, वीज, विष, काय काय डोक्यात येऊन गेलं. काय झालंय ते कळत नव्हतं, पण ह्या घरात काहीतरी आहे आणि ते माझ्या खांद्यावरच्या लेकराला लागू द्यायचं नाही, एवढं कळलं. मी मागे वळले आणि बाळाला फरशीवर ठेवलं. अंगावरची शाल काढून तिच्यावर टाकली आणि आत घुसले.

दार माझ्यामागे मिटलं. मी परत ते उघडलं, आंघोळीचा पाट ओढून फटीत अडकवला. केतकीच्या काखेत हात घालून ओढायला गेले तर ती हलेना. काहीतरी तिला धरून ठेवत होतं. बघते तर विहीणबाईंची मूठ तिच्या गाऊनच्या खांद्यात रुतलेली. ती मूठ मला सुटेना. एकेक बोट उचकून काढावं लागलं. बेशुद्ध माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून येते, असं मनात आलं, पण थांबायला वेळ नव्हता. केतकीला फरफटत बाहेर आणलं. परत आत गेले तेव्हा माझंच डोकं भणभणत होतं. विहीणबाई अंगानं भरलेल्या. अर्ध्या बाहेर काढल्या आणि मी तिथंच बसले. पुढं ओढायचं त्राण राहिलं नाही.

मग मी ओरडले. कशी ओरडले ते मला माहीत नाही. हे म्हणतात, बागेच्या दुसऱ्या टोकाला फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, तरी त्यांना ऐकू आलं.

हर्षल पुढे, हे मागे, आणि त्यांच्यामागे बागेतल्या दोन बाया. हर्षल केतकीजवळ गुडघ्यावर बसला. तिचा गाल थोपटत राहिला. "केतकी, ए केतकी," एवढंच. यांनी त्याच्या पाठीत धपका घातला, "पिकअप काढ!" म्हणाले, तेव्हा तो उठला.

द्राक्षाच्या क्रेट वाहायच्या पिकअपमध्ये आम्ही तिघींना नाशिकला नेलं. मागच्या हौद्यात गोधडी टाकून त्या दोघी, मध्ये मी. बाळाला मी पुढे यांच्या मांडीवर दिलं होतं. वाऱ्यानं माझे डोळे गळत होते. वाटेत केतकीनं ओकारी काढली, आणि मला एवढा आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. जिवंत आहे, एवढंच समजलं. विहीणबाईंची मात्र काहीच हालचाल नव्हती.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. पहिलाच प्रश्न त्यानं विचारला, "खोलीत कोळसा पेटवला होता का?"

"शेगडी," मी म्हणाले. "बाळंतिणीला शेक देत होत्या."

"दारं-खिडक्या?"

"बंद."

त्यानं समजावून सांगितलं. निखाऱ्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं थकवा आलाय, झोप येतेय, आणि झोपलं की संपलं.

"पण आम्ही सगळ्यांनी शेक घेतलाय," मी म्हणाले. "माझी तीन बाळंतपणं शेगडीवर झाली."

"घर कसलं होतं तुमचं?"

"कौलारू."

"कौलांमधून, दाराच्या फटींमधून तो जायचा, मावशी. तुम्हाला कळायचंही नाही. ह्या घराला फट आहे का एखादी?"

हर्षल भिंतीला टेकून खाली बसला. "हवेचं यंत्र असतं," तो म्हणाला. "मी ते काल बंद केलं. त्याच्या आवाजानं बाळ दचकायचं. केतकी म्हणाली, झोपू दे आम्हा दोघींना जरा. मी चालू करायचं विसरलो." त्यानं वर बघितलं. "आणि जाळीत केतकीच्या आईंनी कापड कोंबलेलं आहे. वारं लागतं म्हणून. स्टूल मीच धरलं होतं."

डॉक्टरनं हातातला कागद बघितला आणि विचारलं, "बाळाला त्या मानानं फारच कमी बाधा झालीय. बाळ कुठं होतं?"

"बाहेर," मी म्हणाले. "फरशीवर."

"म्हणूनच. आत असती तर हा एवढासा जीव, सगळ्यात आधी गेला असता." मग त्यानं सहज विचारलं, "बाहेर कुणी नेलं होतं?"

दोन-अडीच तास मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या देत होते. नातीला कुत्र्यापुढे टाकून गेली म्हणून. आणि आता माझ्या हातांना ती बोटं आठवली, गाऊनमध्ये रुतलेली. पलंग रिकामा होता. केतकी दाराशी होती, तिचं डोकं दाराकडे. बाळंतीण स्वतः चालत आली असती तर अशी उताणी पडली नसती. तिला कुणीतरी काखेत धरून मागे-मागे ओढत आणलं होतं. त्याआधी त्याच कुणीतरी बाळाला बाहेर उन्हात ठेवलं होतं. श्वास घ्यायला मोकळी हवा मिळाली होती, तिथंच थांबता आलं असतं. ती परत आत गेली, आणि दार तिच्यामागे मिटलं.

मीही बाळाला त्याच फरशीवर ठेवलं होतं. त्याच कारणासाठी.

"तिनं," मी म्हणाले. "तिच्या आजीनं." आणि बाकड्यावरून उठून विहीणबाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

केतकी दुसऱ्या दिवशी उठून बसली. विहीणबाईंना शुद्ध यायला बराच वेळ लागला, आणि आली तेव्हा त्यांच्या डोक्यातून ती सकाळच पुसली गेली होती. आदल्या दिवशीचं जेवण आठवत होतं. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. मधलं काही नाही. असं होतं, डॉक्टर म्हणाले. कधी परत आठवतं, कधी नाही.

त्यांना बाकीचं लोकांकडून कळलं, आणि लोक आपल्या परीनं सांगतात. माझी थोरली नणंद भेटायला आली तेव्हा दाराबाहेर उभी राहून बोलली, "शेगडी हिनंच पेटवली, कापडं हिनंच कोंबली, आणि पोरीला गारठ्यात टाकून दिली म्हणे." आवाज तिचा पहिल्यापासून मोठा. मी तिला तिथल्या तिथं गप्प केलं, पण आत ऐकू गेलं होतं.

घरी आल्यावर आम्ही सगळ्यांना जुन्या घरात ठेवलं. विहीणबाई कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बाळ रडलं तरी वळायच्या नाहीत. केतकीनं दहा वेळा सांगितलं, "आई, तू वाचवलंस आम्हाला." हर्षल पाया पडला. त्या म्हणायच्या, "बरं." एवढंच. आणि एका दुपारी त्यांनी पिशवी भरायला काढली.

त्या दुपारबद्दल सांगायच्या आधी पुढचं सांगून टाकते, कारण लोक विचारतात. ते गोल घर अजून आहे. हर्षल ते मोडायला निघाला होता, केतकीनंच मोडू दिलं नाही. आता तिथं हवेच्या यंत्राला वेगळी बॅटरी आहे, भिंतीवर तो वायू ओळखून कोकलणारी डबी आहे, आणि आत उदबत्तीसुद्धा लावायची नाही असा नियम. रेवा, म्हणजे तीच नात, आता सहावीत आहे. उन्हाळ्यात मी स्वतः दुपारची तिथं जाऊन पडते. घरानं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. त्यात कसं राहायचं ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

तर त्या दुपारी मी रेवाला मांडीवर घेऊन खोलीत गेले. विहीणबाई कॉटच्या कडेला बसून लुगड्याच्या घड्या घालत होत्या.

"कुठं निघालात?"

"घरी."

"बारसं चार दिवसांवर आलंय."

"करा तुम्ही." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "माझ्या हाताला आता लेकरू देऊ नका, विहीणबाई. माझी अक्कल गेली होती. पोरीचा नि नातीचा जीव घेतला असता मी."

"शेगडी माळ्यावरून मी काढून दिली," मी म्हणाले. "स्टूल तुमच्या जावयानं धरलं. यंत्र त्यानंच बंद केलं. ते सगळं सगळ्यांचं आहे. पण लेकरू बाहेर नेलं ते एकट्या तुम्ही."

"मला ते आठवत नाही."

"नसू दे. मला दिसलंय."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही सगळे चांगले आहात. माझं मन राखायला बोलताय. केतकी तशीच, जावई तसेच."

मला हसू आलं आणि रडूही. "मी?" मी म्हणाले. "मी तुमचं मन राखायला बोलते? लग्नात तुमच्या मानपानाच्या साडीला मी सगळ्यांदेखत काय म्हटलं होतं?"

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "गोणपाट म्हणाला होतात."

"आणि परवा तुमच्या मालिशीला?"

"कणीक मळतात म्हणालात."

"मग? मी तुमचं मन कधी राखलंय, सांगा बरं? आजच कशाला राखू?" माझा आवाज फाटला. "तुमच्या मुठीतून केतकीचा गाऊन मी सोडवलाय, विहीणबाई. ह्या हातांनी. तुम्ही मेल्यागत पडला होतात नि पोरीला सोडत नव्हतात. मला जोर लावावा लागला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, नि मी तुमच्या बाजूची नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे."

हातातली घडी तशीच राहिली. तेवढ्यात माझ्या आवाजानं रेवा दचकली आणि रडायला लागली. मी तिला घाईघाईनं उचललं, खांद्याशी घ्यायला गेले आणि तिची मान मागे कलली.

"अहो, मान!" विहीणबाई कॉटवरून उठल्याच. "मान धरा! मानेखाली हात घाला आधी! तीन बाळंतपणं झाली तुमची नि लेकरू असं धरता?"

आणि त्यांनी ती माझ्याकडून ओढूनच घेतली. तळहातावर डोकं, कोपरात अंग. रेवाचं रडणं लगेच उतरलं. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्या जागच्या जागी खाली बसल्या.

"घ्या हिला," त्या म्हणाल्या. "घ्या, घ्या परत."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. दूध उतू जाईल म्हणाले आणि खोलीतून बाहेर आले. चुलीवर दूध नव्हतंच.